बाप्तिस्मा झाला, श्रद्धेचं काय?

मुंबईत मरोळ, आंबोलीपासून थेट गोराईपर्यंत गावठाणांत जागोजागी क्रूस दिसतात. झेंडूचा हार, पायथ्याशी मेणबत्त्यांच्या मेणाचा थर. त्यांतले कित्येक १८९६ च्या प्लेगच्या काळात, गावावरचं संकट टळावं म्हणून उभारलेले. तरीही इथल्या ख्रिस्ती लोकांना शेजारी विचारतात, "तुम्ही मूळचे गोव्याचे का?" 'ईस्ट इंडियन' म्हणवणारे हे लोक मुंबईच्या साष्टी बेटाचेच भूमिपुत्र. घरात त्यांची स्वतःची मराठी बोली. १५३४ नंतर पोर्तुगिजांबरोबर धर्म बाहेरून आला, माणसं इथलीच होती.

याहून खोल रुजलेला गैरसमज ख्रिस्ती घरांतही सापडतो: बाप्तिस्मा झाला, रविवारची मिस्सा-उपासना चुकवली नाही, की माणूस श्रद्धावान. चर्चची शिकवण एवढ्यावर थांबत नाही. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायद्यानुसार, प्रौढाला बाप्तिस्मा हवा असेल तर त्याची स्वतःची इच्छा हवी, त्याने शिकवण घेतलेली हवी आणि ख्रिस्ती आचरणात त्याची पारख झालेली हवी. श्रद्धा कुणावर लादता येत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितलं आहे.

पण आपल्याकडे याचा दाखला त्याच्याही कितीतरी आधीचा आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपल्या धर्मावर ठाम राहिल्या, काही वर्षं नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही त्यांनी सोवळं सोडलं नाही. जातिभेदाचा पीळ मनातून सुटत गेला आणि मग १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायकोची श्रद्धा आपोआप बदलत नाही, हे लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या कुणालाही ठाऊक आहे. टिळक तर १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारायला निघाले. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा होती. मला त्यांचं हे पाऊल फार मोठं वाटतं.

श्रद्धा मोठी की सत्कर्म, हा वाद जुनाच. १९९९ मध्ये कॅथलिक आणि लुथरन चर्चनी मिळून मान्य केलं, की तारण श्रद्धेद्वारे, देवाच्या कृपेनेच होतं आणि सत्कर्मं ही त्याची फळं. म्हणजे पुण्य साठवून स्वर्ग विकत घेता येत नाही, आणि वैऱ्याला क्षमा न करता, उपाशी माणसाकडे पाठ फिरवून नुसती प्रार्थनाही पुरत नाही.

खऱ्या श्रद्धावंताला शंका शिवत नाही, असंही म्हणतात. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतून कळलं, की कित्येक वर्षं त्यांना देवाचं सान्निध्य जाणवत नव्हतं, तरी त्यांची सेवा थांबली नाही.

तेव्हा शेजारच्या ख्रिस्ती माणसाला "तुमचे पूर्वज कधी बाटले?" असं कृपा करून विचारू नका. विचारायचंच तर येशूचं कुठलं सांगणं पाळायला सर्वांत जड जातं, ते विचारा.