जुना फोन : दुरुस्त करावा की बदलावा?

फोन जुना झाला म्हणजे तो निरुपयोगी झाला, असे नव्हे. तो संथ चालतो किंवा बाजारात नवा आला, एवढ्यावरून तो बदलणे योग्य नाही. प्रथम दोषाचे मूळ शोधावे.

फोनमधील लिथियम-आयन बॅटरी काही शे वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर तिची क्षमता घटते. सकाळी चार्ज केलेला फोन दुपारीच बंद पडत असेल, तर बहुधा बॅटरी बदलणे पुरेसे असते. मात्र बॅटरी फुगली असल्यास फोन वापरणे लगेच थांबवावे. साठवणीची जागा भरल्यामुळे फोन संथ झाला असेल, तर अनावश्यक चित्रफिती व ॲप काढून टाकावीत.

खरा धोका डोळ्यांना दिसत नाही. ठरावीक वर्षांनंतर कंपनी फोनसाठी सुरक्षा अपडेट पाठवणे थांबवते. त्यानंतर आढळणाऱ्या त्रुटी तशाच राहतात आणि त्यांतून चोरट्यांना आपल्या माहितीपर्यंत पोहोचता येते. शेवटचे अपडेट केव्हाचे आहे, हे अँड्रॉइड फोनच्या ‘सेटिंग्ज’मध्ये पाहता येते. ज्या फोनवरून यूपीआयने पैशांचे व्यवहार होतात, त्याची अपडेट कायमची बंद झाली असतील, तर तो व्यवस्थित चालत असला तरी बदलणेच हिताचे.

जुना फोन देण्यापूर्वी हवी ती माहिती जपून ठेवावी व फोनमधील सर्व माहिती पुसून टाकावी. तो केरात टाकू नये. ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा. त्यातील तांबे व सोने पुन्हा उपयोगात येते.