कॅन्सरग्रस्त मुलांसाठी केसदान : कापलेल्या वेणीचं पुढे काय होतं?

सलूनची खुर्ची, रबरबँडने घट्ट बांधलेली लांबसडक वेणी, कात्रीचा आवाज आणि मग तीच वेणी हातात धरून हसणारी मुलगी. अशी एखादी रील तुम्हीही पाहिली असेल. खाली लिहिलेलं असतं, 'कॅन्सर झालेल्या मुलांसाठी केस दिले.'

परभणीत, जिंतूरला किंवा गंगाखेडला बसून ही रील पाहणाऱ्या मुलीला पुढचे प्रश्न पडतात. आपले केस चालतील का? ते पाठवायचे कुठे? आणि ते खरंच एखाद्या लेकरापर्यंत पोहोचतात का?

थोडक्यात सांगायचं तर केस चालू शकतात आणि पोस्टाने पाठवताही येतात. पण एका वेणीचा एक विग होत नाही. त्यासाठी अनेकांचे केस, कारागिराचे हात आणि पैसा, तिन्ही लागतं. कसं, ते समजून घेऊ.

केमोथेरपीत केस का गळतात?

कॅन्सरच्या पेशी वेगाने वाढतात. केमोथेरपीची औषधं अशा वेगाने वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतात. अडचण अशी की केसांच्या मुळांशी असलेल्या पेशीही वेगाने वाढतात. डोक्यावरचे सुमारे ८५ ते ९० टक्के केस कोणत्याही वेळी वाढीच्याच अवस्थेत असतात, त्यामुळे औषधाचा मार त्यांनाही बसतो. उपचार सुरू झाल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत केस झडू लागतात. उशीवर, कंगव्यात, अंघोळीच्या पाण्यात केसांचे पुंजके दिसतात.

सगळ्याच औषधांनी केस जात नाहीत. डॉक्सोरुबिसिन, सायक्लोफॉस्फामाइड यांसारख्या औषधांनी मात्र हमखास गळतात. केमोथेरपी संपल्यावर काही महिन्यांत बहुतेकांचे केस परत येतात.

केस परत येतात, तर विग कशाला?

कारण मधला काळ लहान नसतो. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर म्हणजे अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार. त्याचे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षं चालतात. सुरुवातीचे कडक महिने संपले की मूल घरी येतं, शाळेत जायला लागतं. तेव्हा डोक्यावर केस पुरते आलेले नसतात.

गावात टक्कल केलेला मुलगा दिसला तर जावळ, नवस, घरातलं दुःख अशी कारणं लोक स्वतःच लावून घेतात. दहा-बारा वर्षांच्या मुलीचं डोकं मोकळं दिसलं की प्रश्न सुरू होतात. अनेक घरांत मुलीचा आजार पुढे लग्नाला आडवा येईल या भीतीने लपवला जातो. केस गेले की तो लपत नाही.

केसांशी आपली माया किती जोडलेली आहे, हे परभणीकरांना वेगळं सांगायला नको. संत जनाबाई मूळच्या गंगाखेडच्या. त्यांची वेणीफणी करायला खुद्द विठ्ठल येतो, ही कथा इथल्या घराघरांत सांगितली जाते. रोज मुलीची वेणी घालणाऱ्या आईच्या हाताला अचानक काम उरत नाही, तेव्हा काय तुटतं ते या कथेवरून कळतं.

अर्थात विग प्रत्येक मुलाला हवाच असतो असं नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे गेला की विगखाली घाम येतो, खाज सुटते. काही मुलं सुती टोपी किंवा स्कार्फच पसंत करतात. निवड मुलाचीच असावी.

विग कसा तयार होतो?

आजीच्या काळातलं गंगावन किंवा नाटकातला टोप आठवा. तत्त्व तेच, काम जास्त नाजूक. आलेले केस आधी लांबीनुसार वेगळे करतात. पोलादी दातांच्या फणीतून ओढून तुटके आणि आखूड केस काढून टाकतात. मग ते धुऊन निर्जंतुक करतात.

पुढे दोन मार्ग असतात. एकात केसांच्या पट्ट्या शिवून त्या टोपीवर बसवतात. दुसऱ्यात बारीक आकड्याच्या सुईने जाळीवर केसांच्या गाठी मारतात. हाताने गाठी मारलेला विग जास्त खरा दिसतो, पण त्याला कित्येक दिवस लागतात. गाठ मारताना केस दुमडला जातो आणि शेवटी विगला आकार देताना पुन्हा कापला जातो. म्हणून १२ इंचांची वेणी दिली तरी विगमधले केस त्याहून आखूड असतात.

एका विगसाठी साधारण सहा ते दहा जणांचे केस लागतात, कधी त्याहूनही जास्त.

तुमचे केस चालतील का?

प्रत्येक संस्थेचे नियम वेगळे आहेत, पण साधारण अटी अशा :

- लांबी : बहुतेक ठिकाणी किमान १० ते १२ इंच. रबरबँडपासून टोकापर्यंत मोजायची. कुरळे केस ताणून मोजायचे.
- रंग : केमिकल डाय किंवा काळी मेंदी लावलेले केस अनेक संस्था घेत नाहीत, कारण पुढच्या प्रक्रियेत रंग एकसारखा राहत नाही. पांढरे केस काही ठिकाणी चालतात. आधी विचारा.
- तेल : तेल लावलेले केस पाठवू नका. शाम्पूने धुऊन पूर्ण वाळवा.
- गळालेले केस : कंगव्यातले किंवा सलूनच्या फरशीवरून गोळा केलेले केस चालत नाहीत. मूळ आणि टोक यांची दिशा उलटसुलट झाली की केस एकमेकांत गुंततात.

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे १२ इंच परत यायला दोन वर्षं लागतात. त्यामुळे कापण्याआधी नियम तपासा. २००७ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने दिलेल्या बातमीनुसार, अमेरिकेतल्या 'लॉक्स ऑफ लव्ह' या नामवंत संस्थेकडे येणारे बहुतांश केस मुलांच्या विगसाठी निरुपयोगी ठरत होते. कुठे लांबी कमी, कुठे रंगवलेले, कुठे ओलेच पाठवल्याने बुरशी लागलेली.

कापायचे कसे, पाठवायचे कसे?

गावातलं कुठलंही पार्लर चालेल. कोरड्या केसांच्या एक किंवा अनेक वेण्या घाला. प्रत्येक वेणीला वर आणि खाली रबरबँड लावा आणि वरच्या रबरबँडच्या वर कात्री चालवायला सांगा. वेणी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि स्पीड पोस्टने पाठवा. पावसाळ्यात केस पूर्ण वाळलेत ना, हे दोनदा पाहा.

द्यायचे कोणाला?

मुंबईत 'कोप विथ कॅन्सर – मदत चॅरिटेबल ट्रस्ट' ही संस्था कॅन्सर रुग्णांच्या विगसाठी केस स्वीकारते. देशात इतरही संस्था आहेत. संस्था कोणतीही असो, चार गोष्टी विचारा : विग रुग्णाला मोफत मिळतो का? कोणत्या रुग्णालयाशी तुम्ही जोडलेले आहात? विग बनवतं कोण? वापरात न येणाऱ्या केसांचं काय करता?

हे विचारण्यात गैर काही नाही, कारण केसांना भाव आहे. गल्लीत 'केसांवर भांडी' म्हणत फिरणारे फेरीवाले गळालेले केस उगाच नेत नाहीत. तिरुपतीला अर्पण झालेल्या केसांच्या लिलावातून तर कोट्यवधी रुपये उभे राहतात. आणि हो, प्राप्तिकरातली देणगीची सवलत पैशांच्या देणगीवर मिळते, केसांवर नाही. केसांच्या बदल्यात कोणी करसवलतीची पावती देऊ करत असेल तर सावध व्हा.

केस दिले की झालं का?

संस्थांची अडचण बहुधा केसांपाशी नसते, विग बनवण्याच्या मजुरीपाशी असते. त्यामुळे वेणीसोबत थोडी रक्कम दिलीत तर तुमची वेणी लवकर विग बनेल.

आणि विगच्याही आधी मुलाचे उपचार पूर्ण व्हावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात, तर अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. उशिरा निदान आणि अर्ध्यावर सोडलेले उपचार ही त्यातली मोठी कारणं.

परभणीच्या कुटुंबाला मोठ्या उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा मुंबईचं टाटा मेमोरियल गाठावं लागतं. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरवरचे उपचार येतात. पण महिनोन्‌महिने मुंबईत राहायचं कुठे, शेतातली कामं कोणी पाहायची, बुडालेल्या मजुरीचं काय, हे प्रश्न योजनेत बसत नाहीत. राहण्याच्या प्रश्नावर मुंबईत २००६ मध्ये सुरू झालेली 'सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स' ही संस्था काम करते. ती उपचार घेणाऱ्या मुलांना आईवडिलांसह मोफत निवारा देते.

तुमच्या गावात असं एखादं मूल असेल तर त्याच्या घरच्यांना ही माहिती द्या. देवगिरी एक्स्प्रेसच्या तिकिटाचे पैसे द्या, ते मुंबईला असताना त्यांच्या जनावरांना चारा-पाणी करा. मूल शाळेत परतेल तेव्हा वर्गातल्या पोरांना आधीच सांगून ठेवा की हा आजार शिवल्याने होत नाही आणि केस परत येणार आहेत. वेणी द्यायची असेल तर तीही जरूर द्या, फक्त कापण्याआधी संस्थेला एक फोन करा.