'मृत्युपत्राचं बघू नंतर': वय वाढलं की अवघड निर्णय का टाळले जातात?

"बाबा, मृत्युपत्राचं काय करायचं?"
"बघू, दिवाळीनंतर."

दिवाळी येते, जाते. विषय तिथेच राहतो. एरवी सगळं पटकन ठरवणारे बाबा इथेच का अडतात?

हा हट्ट आहे का?

बहुतेकदा नाही. आहे ते तसंच ठेवण्याकडे माणसाचा कल असतो. विल्यम सॅम्युएलसन आणि रिचर्ड झेकहाउसर या अर्थतज्ज्ञांनी १९८८ मध्ये तो प्रयोगांतून दाखवला. शिवाय काही केल्यामुळे झालेलं नुकसान, न केल्यामुळे झालेल्या नुकसानापेक्षा जास्त बोचतं. घर धाकट्याला लिहून दिलं तर थोरला दुखावणार. काहीच लिहिलं नाही, तर निदान आज कोणी दुखावत नाही.

मग वयाचा संबंध काय?

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांच्या सिद्धांतानुसार, हाताशी कमी वेळ उरलाय असं वाटू लागलं की माणूस मनाची शांतता आणि जवळची नाती यांना जास्त महत्त्व देतो. मृत्युपत्र नेमकं त्यावरच घाव घालतं. स्वतःच्या मृत्यूचा विचार करायचा, वर मुलांमध्ये डावं-उजवं करायचं! त्यात खूप पर्याय एकदम समोर आले की त्यांचा ताणही येऊ शकतो.

नाही ठरवलं तर काय होतं?

तुमच्या वतीने कायदा ठरवतो. हिंदू पुरुषाने मृत्युपत्र केलं नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार त्याच्या स्वकष्टाच्या मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना समान वाटा मिळतो. म्हणजे पत्नी आणि दोन मुलं मागे असतील, तर बाबांच्या नावावरच्या घरात आईचा वाटा फक्त एक तृतीयांश.

"नॉमिनी लावलाय ना!" हेही पुरेसं नाही. नॉमिनी झाला म्हणून कोणी शेअर्सचा पूर्ण मालक होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं.

विषय काढायचा कसा?

- सगळी वाटणी एकदम नको, एकच प्रश्न विचारा: "आईला याच घरात शेवटपर्यंत राहता यावं, एवढं आधी लिहायचं का?"
- प्रक्रिया सोपी आहे, हे सांगा. साधा कागद चालतो, स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. स्वतःची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात.
- मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येतं. 'एकदा लिहिलं की संपलं' ही भीती यामुळे कमी होते.
- वकिलाशी बोलताना त्यांना एकटं बसू द्या. तुम्हीही वारस आहात, त्यामुळे तुमच्यासमोर ते मोकळेपणाने बोलतीलच असं नाही.

आणि उत्तर पुन्हा "दिवाळीनंतर" आलं, तर चिडू नका. कॅलेंडर समोर ठेवा आणि विचारा, "दिवाळीनंतर कोणत्या तारखेला?"