स्पिरिट पुरस्कार, नव्या अनुबोधपट-मालिकेचा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दूरचित्रवाणीवरील सर्वोत्तम नव्या अनुबोधपट-मालिकेस दरवर्षी दिला जाणारा पुरस्कार. तो ‘इंडिपेंडंट स्पिरिट’ ह्या पुरस्कार-समूहातील असून लॉस अँजेल्स येथील ‘फिल्म इंडिपेंडंट’ ही ना-नफा तत्त्वावरील संस्था तो देते. ‘नवी संहिताविरहित वा अनुबोधपट मालिका’ असा त्याच्या अधिकृत नावाचा अर्थ आहे.

स्पिरिट पुरस्कारांची स्थापना १९८४ मध्ये झाली. मोठ्या चित्रपटसंस्थांच्या बाहेर, मर्यादित खर्चात तयार होणाऱ्या चित्रपटांचा गौरव करणे, हा त्यांचा मूळ हेतू होय. दूरचित्रवाणीसाठी पाच पुरस्कार सुरू करण्याचे २०२० मध्ये ठरले. त्यांपैकी प्रस्तुत पुरस्कार २२ एप्रिल २०२१ रोजी प्रथम देण्यात आला.

दीर्घ अनुबोधपट-मालिकेचे स्थान त्यापूर्वी वादाचा विषय झाले होते. एझ्रा एडेलमनची सुमारे पावणेआठ तासांची पाच भागांची कृती ओ. जे. : मेड इन अमेरिका (२०१६) हिला २०१७ मध्ये अनुबोधपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ऑस्कर देणाऱ्या अकादमीने बहुभागी मालिका ह्या पारितोषिकास अपात्र ठरविल्या. दूरचित्रवाणीच्या एमी पुरस्कारांत मात्र अनुबोधपट-मालिकेसाठी स्वतंत्र वर्ग आहे.

स्पिरिट पुरस्काराची दोन वैशिष्ट्ये आहेत. मालिकेचे पहिलेच पर्व त्यास पात्र असते, त्यामुळे जुन्या, लोकप्रिय मालिका वर्षानुवर्षे मान मिळवू शकत नाहीत. दुसरे असे, की संहिताविरहित वास्तवदर्शी कार्यक्रम व अनुबोधपट-मालिका ह्यांचा विचार येथे एकत्र होतो. एमीमध्ये त्यांचे वर्ग वेगळे आहेत. नामनिर्देशन समिती काही मालिकांची निवड करते व त्यांतील विजेती मालिका संस्थेचे सभासद मतदानाने ठरवितात.

पहिला पुरस्कार क्रिस्टीना क्लुसियाउ व शॉल श्वार्ट्‌झ ह्यांच्या इमिग्रेशन नेशन (२०२०) ह्या सहा भागांच्या मालिकेस मिळाला. स्थलांतरितांना पकडून देशाबाहेर पाठविणाऱ्या शासकीय यंत्रणेचे काम दिग्दर्शकांनी दीर्घकाळ जवळून चित्रित केले होते. काही दृश्ये वगळावीत व प्रक्षेपण त्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर व्हावे, म्हणून यंत्रणेने दबाव आणल्याचे त्यांनी सांगितले. मालिका निवडणुकीपूर्वी, ऑगस्टमध्येच प्रदर्शित झाली. २०२२ चा पुरस्कार भारतीय वंशाच्या गीता गंडभीर व सोलेदाद ओब्रायन ह्यांच्या ब्लॅक अँड मिसिंग ह्या मालिकेस मिळाला. बेपत्ता कृष्णवर्णीयांकडे पोलीस व वृत्तमाध्यमे ह्यांचे होणारे दुर्लक्ष हा तिचा विषय. त्यानंतर द रिहर्सल (२०२३), डिअर मामा (२०२४) व हॉलिवुड ब्लॅक (२०२५) ह्या मालिका विजेत्या ठरल्या. डिअर मामा ही ॲलन ह्यूझची मालिका गायक टुपाक शकूर व त्याची आई अफेनी ह्यांच्या जीवनावर आहे.

ह्यांपैकी द रिहर्सल हिच्यामुळे अनुबोधपटाची सीमा कोठे आखावी, हा प्रश्न ठळकपणे पुढे आला. नेथन फील्डर हा तिचा कर्ता सामान्य माणसांना आयुष्यातील अवघड प्रसंगांची रंगीत तालीम करावयास लावतो. त्यासाठी खऱ्या जागांच्या हुबेहूब प्रतिकृती उभारल्या जातात व संबंधितांच्या भूमिका नट करतात. माणसे खरी, परंतु परिस्थिती रचलेली, असे तिचे स्वरूप आहे. तालमीसाठी आणलेला एक बालनट फील्डरला खरोखरच वडील मानू लागतो, हे मालिकेतच दाखविले आहे. इमिग्रेशन नेशन हिच्यात सत्य दाखविण्यास सत्तेचा अडथळा होता. येथे चित्रणच माणसाच्या भावनांत ढवळाढवळ करते.

अनुबोधपटकाराकडून सत्यनिष्ठेबरोबरच चित्रित व्यक्तींविषयीच्या जबाबदारीचीही अपेक्षा असते. एकाच पुरस्काराने गौरविलेल्या ह्या दोन मालिकांत त्या अपेक्षेची दोन टोके दिसतात. पुरस्काराचे व्यापक नाव दोहोंना सामावून घेते. तथापि त्यांतील सत्याची कसोटी मात्र एकच राहत नाही.