सरकारी मराठी शाळेत मुलाला काय काय मिळते?

जून जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील घराघरांत मुलाला कोणत्या शाळेत घालायचे याची चर्चा सुरू होते. गावातल्या सरकारी मराठी शाळेविषयी ‘तिथे जेवण आणि पुस्तके फुकट मिळतात’ एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. प्रत्यक्षात यापेक्षा बरेच काही मुलाच्या हक्काचे आहे. मात्र पालकांनी विचारले नाही तर त्यातल्या काही गोष्टी मुलापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून सभासदांसाठी ही माहिती एकत्र देत आहोत.

जेवण आणि दूध

आपल्याकडे ‘बिसियूट’ म्हणतात ते दुपारचे गरम जेवण केंद्राच्या पीएम पोषण योजनेत येते. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असा नियम आहे. शिवाय कर्नाटकात २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेतून दूध मिळते. अंडीही दिली जातात. जी मुले अंडे खात नाहीत त्यांना केळे मिळते.

पुस्तके आणि भाषा

कर्नाटक सरकार मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके स्वतः छापते आणि सरकारी शाळांत ती मोफत देते. गणवेश आणि बूटही मोफत असतात. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे राज्यघटनेचे कलम ३५०-अ सांगते. ते १९५६ साली घटनेत आले. मराठी शाळेत कन्नडही शिकवले जाते, त्यामुळे मूल राज्यभाषेत मागे पडेल ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

आरोग्य तपासणी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलांची तपासणी करते. डोळे, कान, दात, हृदय, रक्तक्षय, वाढीतील अडचणी अशा बऱ्याच गोष्टी त्यात पाहिल्या जातात. दोष आढळल्यास पुढचे उपचार मोफत असतात. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून ‘अभ्यासात कच्चा’ ठरलेले मूल इथेच ध्यानात येऊ शकते. त्या दिवशी मूल गैरहजर असेल तर मुख्याध्यापकांना भेटून पुन्हा तपासणी कधी होईल ते विचारावे.

अभ्यासात मागे पडणारी मुले

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या २४व्या कलमानुसार प्रत्येक मुलाची कुवत पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. २८व्या कलमाने शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई केली आहे. तेव्हा वाचनात किंवा गणितात मूल अडत असेल तर वर्गशिक्षकांशी मोकळेपणाने बोलावे.

दिव्यांग मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यांच्यासाठी तालुका पातळीवर विशेष शिक्षक असतात. जे मूल शाळेत येऊच शकत नाही, त्याला घरी शिकवण्याचीही तरतूद आहे.

कामासाठी गाव सोडावे लागले तर

ऊसतोड, वीटभट्टी किंवा बांधकामाच्या निमित्ताने काही कुटुंबे गोव्यात वा महाराष्ट्रात जातात. अशा वेळी शाळेने दाखला लगेच द्यायचा असतो. दाखल्याला उशीर झाला किंवा जन्मदाखला नसला, तरी नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

विचारायचे कुणाला?

आधी मुख्याध्यापकांना, नंतर एसडीएमसीला, म्हणजे शाळा समितीला. कायद्याप्रमाणे समितीचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य महिला. शाळेचा विकास आराखडा करणे, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे ही या समितीची कामे आहेत. समितीकडून काम झाले नाही तर तालुक्याच्या बीईओ कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

पटसंख्येचे महत्त्व

पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन आणि ९१ ते १२० मुलांना चार, असे कायद्याचे प्रमाण आहे. म्हणजे ५९ मुलांच्या शाळेत आणखी दोन मुले आली, तर तिसरा शिक्षक मागण्याचा हक्क तयार होतो. उलट पट घसरत गेला की शिक्षक कमी होतात, एकाच शिक्षकाकडे अनेक वर्ग येतात आणि मग उरलेले पालकही मुले काढून घेतात. आपल्या भागातली मराठी शाळा टिकावी असे सगळ्यांनाच वाटते. त्यासाठी यंदाच्या प्रवेशांपूर्वी एकदा शाळेत जाऊन यावे, वर दिलेल्यांपैकी काय मिळते आणि काय नाही ते पाहावे, आणि समितीच्या बैठकीला घरातील एकाने तरी हजर राहावे, ही सर्व सभासदांना विनंती.