मोबाईलवरचा लाकडी काऊबॉय घडतो कसा? आधी कागद, मग चिखल, शेवटी चाकू

(ग्रामीण प्रतिनिधी)

पावसानं वाफसा मोडला की रानातली कामं थांबतात आणि गावातली पोरं मोबाईल घेऊन पारावर बसतात. यंदा त्यांच्या मोबाईलवर एक नवाच नाद दिसला. लाकडाच्या ठोकळ्यातून माणूस काढायचे अमेरिकेतले व्हिडिओ. मोठी टोपी, वाकड्या मिशा, पायात बूट असा लाकडी काऊबॉय दोन मिनिटांत तयार होतो. माझ्या पुतण्यानं ते बघितलं, घरातली भाजी चिरायची सुरी घेतली आणि बाभळीच्या दांडक्यावर बसला. पंधराव्या मिनिटाला डाव्या हाताच्या अंगठ्याखाली चीर पडली. तीन टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन.

आमच्या वाडीतले सुतारकाका टाके बघून म्हणाले, "लाकूड चुकलं, हत्यार चुकलं आणि काय करायचं ते ठरवलंच नव्हतं. रक्त तर शेवटी आलं." काकांनी पूर्वी गावच्या बैलगाड्या भरल्या, औतं केली. आता ट्रॅक्टर आल्यापासून त्यांची हत्यारं भिंतीला टांगलेली आहेत. पोरानं पुन्हा हात कापून घेऊ नये म्हणून मी काकांच्या ओट्यावर बसून ही कला समजून घेतली. स्वतः दोन आकृत्या केल्या. पहिली मोडली, दुसरी उभी आहे. जे कळलं ते क्रमानं सांगतो.

काऊबॉय म्हणजे गुराखीच

सिनेमात काऊबॉय म्हटलं की बंदूक दिसते. खरं तर तो गुरं हाकणारा पगारी गडी. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 साली संपलं. टेक्सासमध्ये लांब शिंगांची गुरं भरपूर होती, पण रेल्वे लांब होती. म्हणून 1867 पासून ही गुरं शेकडो मैल हाकत कॅन्सस राज्यातल्या ॲबिलीन गावच्या रेल्वेपर्यंत नेऊ लागले. दोन-अडीच हजार जनावरांमागं साधारण दहा-बारा माणसं असायची. पुढं काटेरी तार आली, रेल्वे सगळीकडं पोचली, 1886-87 च्या कडक हिवाळ्यात गुरं मोठ्या संख्येनं मेली आणि तो काळ संपला. या गुराख्यांत मेक्सिकन आणि कृष्णवर्णीय माणसंही मोठ्या संख्येनं होती. सिनेमात ती फारशी दिसत नाहीत, पण आपण देखावा करताना ते ध्यानात ठेवावं.

हा इतिहास सांगायचं कारण असं की त्याच्या अंगावरची प्रत्येक वस्तू कामाची आहे. टोपीची रुंद कड ऊन-पावसासाठी. गळ्यातला रुमाल गुरांच्या मागची धूळ नाकात जाऊ नये म्हणून. पायावरचं कातडं काटेरी झुडपांसाठी. बुटाची उंच टाच घोड्याच्या रिकिबीतून पाय आरपार जाऊ नये म्हणून. आपल्याकडच्या धनगराच्या घोंगडीसारखंच हे. वस्तू कशासाठी आहे ते कळलं की ती कुठं जाड, कुठं झिजलेली, कुठं वळलेली दाखवायची ते आपोआप कळतं.

एक देखावा, एकच क्षण

अमेरिकेत गमतीदार लाकडी माणसं कोरणाऱ्या कारागिरांची एक संघटना 1990 साली झाली. त्यांनी मिळून एक अख्खी दारूची बैठक कोरली. वेगवेगळ्या कारागिरांनी वेगवेगळी माणसं करायची आणि शेवटी एकत्र मांडायची. आधी सगळ्यांनी एकच माप ठरवल्याशिवाय हे जमणारच नाही. नाहीतर एकाचा माणूस दुसऱ्याच्या टेबलाखाली जाईल.

आपण लहान देखावा घेऊ. गुरं हाकणाऱ्या तांड्याबरोबर स्वयंपाकाची एक गाडी असायची. चार्ल्स गुडनाईट नावाच्या पशुपालकानं 1866 साली लष्कराची जुनी गाडी घेऊन तिच्या मागच्या बाजूला खणांची पेटी बसवली. पेटीचं झाकण खाली उघडलं की तेच स्वयंपाकाचं फळकूट. रात्री या गाडीची दांडी ध्रुवताऱ्याकडं करून ठेवत, म्हणजे सकाळी दिशा कळायची, असं सांगतात.

आपला क्षण असा. पहाटेची वेळ. आचारी पेटीपुढं उभा आहे, हातात डाव. समोर एक गुराखी उकिडवा बसून रिकामा कप पुढं करतोय. आचारी त्याच्याकडं रागानं बघतोय. बास. दोन माणसं, एक पेटी, एक भांडं. घोडा, बैल, कुत्रं पहिल्या खेपेला नको. घोड्याचे चार पाय कोरता कोरता माणूस कंटाळतो आणि सगळंच अर्धं राहतं.

बघणाऱ्याला गोष्ट कळते ती नजरेवरून. म्हणून दोघांची तोंडं समोर बघणारी नकोत, एकमेकांकडं वळलेली पाहिजेत. एक उभा, एक बसलेला, म्हणजे उंची कमी-जास्त होते. दोघं एकाच उंचीचे ओळीत उभे केले तर ते ग्रुप फोटोसारखं दिसतं.

माप: एका फुटाला एक इंच

आपल्या टेपला सोपं म्हणून एका फुटाला एक इंच धरायचं. सहा फुटांचा आचारी 6 इंचांचा. उकिडवा गुराखी टोपीसकट साधारण 4 इंच. पेटी साडेतीन इंच रुंद. खाली 10 बाय 8 इंचांची फळी पुरते.

खऱ्या माणसाचं डोकं त्याच्या उंचीच्या सातव्या ते आठव्या भागाएवढं असतं. गमतीदार आकृतीत मात्र डोकं आणि हात मुद्दाम मोठे करतात, उंचीच्या पाचव्या भागापर्यंत. ते काय करायचं ते आधी ठरवा आणि दोघांनाही सारखंच लावा.

मग चिखल घ्या. बेंदराला आपण मातीची बैलं करतो तशीच दोन माणसं अंदाजानं करायची. नाक-डोळे नकोत, फक्त वाक आणि वळण. फळीवर ठेवून समोरून, डावीकडून, उजवीकडून बघायचं. मोबाईलवर फोटो काढला की चूक लगेच दिसते. माझ्या चिखलाच्या आचाऱ्याचा हात गुराख्याच्या तोंडावर येत होता. चिखलात तो हात दाबून एका मिनिटात सुधारला. लाकडात कळलं असतं तर ठोकळा गेला असता.

लाकूड कोणतं?

अमेरिकेतले बहुतेक कोरणारे बासवुड नावाचं लाकूड वापरतात. ते मऊ, हलकं आणि एकसारख्या रेशांचं असतं. आपल्याकडं ते सहज मिळत नाही, पण तसं काम देणारं लाकूड आहे. शिवणीचं लाकूड कोरायला चांगलं. सावंतवाडीच्या खेळण्यांत आंबा आणि पांगारा वापरत आले आहेत. चन्नपटणचे कारागीर काळा कुडा वापरतात, तर आंध्रातले कोंडापल्लीचे कारागीर पोणिकी नावाचं हलकं लाकूड. बाभळ कुळवा-चाकाला उत्तम, पण चाकूनं कोरायला नाही. सागवान टिकाऊ, पण धार लवकर मारतं. शिकणाऱ्यानं दोन्ही टाळावीत.

लाकूड वाळलेलं पाहिजे. ओल्या लाकडात कोरणं सोपं जातं, पण वाळताना आकृती तडकते. ढोबळ हिशेब असा की एक इंच जाडीला सावलीत एक वर्ष. दोन्ही टोकांना मेण किंवा जुना रंग फासला तर टोकाच्या भेगा कमी पडतात. गाठ असलेला तुकडा घेऊ नका. आणि यासाठी झाड तोडू नका. वखारीत पडलेले तुकडे पुरतात. झाड तोडायचंच असेल तर स्वतःच्या बांधावरचं असलं तरी आधी परवानगीचं विचारून घ्या.

रेशांची दिशा, इथंच माझी आकृती मोडली

ठोकळ्यात रेशे उभे, म्हणजे डोक्याकडून पायाकडं पाहिजेत. पाय मग मजबूत राहतात. पण टोपीची कड आडवी असते, तिथं रेशे तोकडे पडतात. मी कड पातळ करायच्या नादात राहिलो आणि ती पापडासारखी तुटली. उपाय दोन. कड शेवटपर्यंत जाड ठेवायची आणि खालून तिरकी कोरून पातळ भासवायची. नाहीतर टोपी आडव्या रेशांच्या तुकड्यात वेगळी कोरून बसवायची.

लांब पुढं आलेल्या वस्तूंचंही तेच. आचाऱ्याचा डाव बांबूच्या कामटीचा वेगळा करा. कप वेगळा करा. कपाचा कान तारेचा. दोर दाखवायचा असेल तर सुतळीचा पीळ. हात अंगाला चिकटून ठेवले तर मोडत नाहीत. उकिडवा माणूस एका गोळ्यात बसतो, म्हणून शिकणाऱ्यानं तोच आधी करावा.

कोरायचा क्रम

आचाऱ्यासाठी 6 इंच उंच आणि अडीच इंच चौकोनी ठोकळा घ्या. समोरून आणि बाजूनं अशी दोन चित्रं ठोकळ्यावर काढा. बाहेरचं लाकूड करवतीनं काढा. मधोमध उभी रेघ मारा आणि ती पुसली की पुन्हा मारा. ती रेघ गेली की नाक एकीकडं आणि पट्टा दुसरीकडं जातो.

पहिल्यांदा चारही कोपरे उडवा. मग टोपी, खांदे, पट्टा, बूट असे मोठे भाग वेगळे करा. जिथं दोन भाग मिळतात तिथं आधी सरळ चीर द्यायची, मग बाजूनं तिरकं कापत त्या चिरेपर्यंत यायचं. म्हणजे चाकू पुढं निसटत नाही. लाकूड तंतू सोडून उचकटायला लागलं तर तुम्ही उलट्या बाजूनं कापताय. दिशा बदला. चेहरा सगळ्यात शेवटी. आधी नाकाची पाचर, मग डोळ्यांचे खड्डे, मग मिशी. बटणं आणि खिसे अंग पूर्ण झाल्याशिवाय नाहीत.

काका म्हणतात, काढलेलं लाकूड परत येत नाही. म्हणून टोपी आणि नाक जरा मोठंच ठेवून चालायचं.

हात वाचवा

एक दीड इंच पात्याचा चाकू, एक छोटी पटाशी, एक गोल पटाशी, एवढ्यावर पहिला देखावा होतो. धार चांगली पाहिजे. बोथट चाकूला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला चाकू निसटला की खोल जातो. धार दगडावर लावून झाली की जुन्या कातडी पट्ट्यावर पातं मागं ओढून घासायचं. मऊ लाकूड आडवं कापून बघा. काप चकचकीत आला तर धार बरोबर.

नियम असे. पात्याच्या पुढं दुसरा हात नको. मांडीवर ठेवून कोरायचं नाही. लाकूड धरणाऱ्या हातात काप न लागणारा हातमोजा आणि चाकूच्या हाताच्या अंगठ्याला कातडी टोपण. पटाशी चालवताना लाकूड शिकंजात आवळलेलं. लागलंच तर स्वच्छ कापडानं दाबून धरा, हात वर ठेवा आणि आरोग्य केंद्रात जा. हळद भरून घरी बसू नका. लहान पोरांनी साबणाच्या वडीवर बोथट काडीनं शिकावं.

रंग आणि मांडणी

ॲक्रिलिक रंगात भरपूर पाणी घालून पातळ हात द्यायचा, म्हणजे खालचे रेशे दिसत राहतात. वाळल्यावर जवसाच्या तेलाचा हात. इथं एक धोका आहे. तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा, मगच टाका.

पायाखाली भोक पाडून लाकडी खुंटी बसवा आणि फळीतही तसंच भोक. डिंक शेवटी. आधी कोरडंच मांडून नजर जुळते का बघा. माझा आचारी गुराख्याच्या डोक्यावरून पार पलीकडं बघत होता. खुंटीवर जरा फिरवला आणि भांडण जुळलं.

हे आपल्याला कशाला?

यातून लगेच पैसा मिळेल असं मी लिहिणार नाही. पहिल्या दोन-चार आकृत्या कुणी विकत घेत नाही. पण रीत तीच ठेवून काऊबॉयच्या जागी आपला गुराखी, चारचाकी गाडीच्या जागी बैलगाडी करता येते. कोंडापल्लीचे कारागीर गावातलीच माणसं आणि बैलगाड्या कोरतात आणि त्यांचं नाव लांबवर गेलंय.

पुतण्याचे टाके निघालेत. सध्या तो रोज संध्याकाळी तासभर काकांच्या ओट्यावर असतो. पंधरा दिवस काकांनी त्याला फक्त धार लावायला शिकवली, लाकडाला हात लावू दिला नाही. भिंतीवरची दोन हत्यारं खाली आलीत. एवढं मात्र झालं.

आपल्या तालुक्यात कुणी असं काम करत असेल तर फोटो जरूर पाठवा.