कीर्तीच्या उंबरठ्यावरील एल्व्हिस

सन १९५६. आर. सी. ए. व्हिक्टर या ध्वनिमुद्रिका-कंपनीने आल्फ्रेड वर्थायमर या तरुण छायाचित्रकारास २१ वर्षांचा रॉक-गायक एल्व्हिस प्रेस्ली याची छायाचित्रे टिपण्यास नेमले. रिचमंडच्या नाट्यगृहात, न्यूयॉर्कहून मेम्फिसला निघालेल्या आगगाडीत वर्थायमर सोबत राहिले. शक्यतो असेल त्या उजेडातच ते छायाचित्रे घेत. आरशापुढे केस विंचरणारा, आपल्याच विचारांत गढलेला एल्व्हिस त्यांत दिसतो.

पुढे कीर्ती वाढली, भोवती पहारे बसले आणि ती जवळीक दुर्लभ झाली. १९७७ साली एल्व्हिस निवर्तल्यावर या चित्रांना खरी मागणी आली.

रंगमंचावरचा गायक सर्वांनीच पाहिला. गर्दीत हरवण्यापूर्वीचा मुलगा मात्र एकाने दाखविलेल्या विश्वासामुळेच उरला, असे आम्हांस वाटते. वाचकहो, आपल्याही घरच्या अल्बमात असे एखादे चित्र असेल. ते जपावे.